घटना बदलण्याचा नियमच बदलायचा होता : खाडीकाठच्या एका गावमंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. पाच वाड्या, त्यातली आमची सगळ्यात खालची, ४१ उंबरठ्यांची. गावाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. ज्यांच्याशी वाद झाला त्यांच्याच शेजारी आम्हाला राहायचं आहे.

गावाचं मंडळ १९६४ सालचं. परळ-लालबागच्या गिरण्यांत कामाला असलेल्या चाकरमान्यांनी ते मुंबईत काढलं आणि संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदवलं. पुढे सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही त्याची नोंद झाली. मंडळाची घटना सात पानांची आहे, टंकलिखित, कडा पिवळ्या पडलेल्या. या प्रकरणापुरती तिची तीनच कलमं महत्त्वाची.

कलम ४ : सड्यावरची (कातळाच्या माळावरची) दोन एकर दहा गुंठे जागा ही हायस्कूलसाठी वर्गणी काढून घेतलेली आहे, ती विकता, गहाण टाकता किंवा लांब मुदतीने भाड्याने देता येणार नाही. कलम ५ : घरटी एक सभासद, तो घरातला 'कर्ता पुरुष'. कलम १९ : घटनेत बदल करायचा तर एकूण सभासदांच्या तीन चतुर्थांश मतांनी, प्रत्यक्ष किंवा सहीच्या लेखी मताने.

हायस्कूल शेवटी शेजारच्या गावात झालं. आमच्या सड्यावर क्रिकेट होतं, पावसाळ्यात गुरं चरतात. तिथून खाडीचं मुख दिसतं, म्हणून गेल्या काही वर्षांत अनोळखी गाड्या तिथे थांबायला लागल्या आहेत.

१९८२च्या गिरणी संपानंतर गावची मुंबईतली माणसं चाळी सोडून नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर अशी पांगली, काही परत गावी आली. सभासद नोंदवही मात्र लालबागच्या पत्त्यांवरच थांबली. या प्रकरणाचं खरं मूळ त्या नोंदवहीत होतं, आणि हे कळायला आम्हाला फार उशीर झाला.

मी तालुक्यातल्या एका शाळेत राज्यशास्त्र शिकवते. लग्न होऊन याच गावात आले. माझे पती नालासोपाऱ्यात असतात, मी सासूबाईंसोबत गावात. म्हणजे गावात राहते मी, पाणी भरते मी, आणि मंडळात घराचं मत मात्र नालासोपाऱ्याला. निदान तेव्हा माझी तशी समजूत होती.

प्रश्न कसा उभा राहिला

२० सप्टेंबर २०२३, गौरी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, मंडळाची सभा होती. त्याच संध्याकाळी लोकसभेत महिला आरक्षणाचं घटनादुरुस्ती विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं, आणि रात्री घराघरांत तीच बातमी सुरू होती. आमच्या चिटणीसांनी सभेत जाहीर केलं की मंडळातही बायकांना सभासद करायचं. टाळ्या पडल्या. बायका देवळाच्या ओट्यावर मागे बसल्या होत्या, त्यांनी पण वाजवल्या, मीही वाजवल्या.

मग चिटणीसांनी अडचण सांगितली. नोंदवहीत २८६ सभासद. तीन चतुर्थांश म्हणजे २१५ मतं. सभेला माणसं येतात ऐंशी-नव्वद. २८६ पैकी ६१ जण वारलेले, आणि उरलेल्या २२५ मधल्या सत्तरेक जणांचा ठावठिकाणा नाही. गावातलं आणि मुंबईतलं, ठावठिकाणा असलेलं एकूण एक जिवंत माणूस 'हो' म्हणालं तरी २१५चा आकडा गाठता येत नव्हता. म्हणून आधी कलम १९ बदलू, 'हजर सभासदांच्या साध्या बहुमताने' असं करू, आणि लगेच पुढच्या सभेत कलम ५ बदलून बायकांना घेऊ. मतदान शिमग्याला, पालखी सहाणेवर आल्यानंतर.

ऐकायला हे इतकं सरळ होतं की मला त्यात काही खुपलं नाही. खुपलं ते काही दिवसांनी, दहावीच्या वर्गात कलम ३६८ शिकवताना. भारताच्या संविधानात दुरुस्तीची रीत त्या कलमात आहे. संसदेच्या प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत हवं आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश. राष्ट्रपतींची निवडणूक, उच्च न्यायालयं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व अशा काही बाबींसाठी त्यावर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. या जास्त कठीण यादीत खुद्द कलम ३६८ पण आहे. एका मुलीने विचारलं, "बाई, ते कलम स्वतःलाच का घालून ठेवलंय त्यात?" मी तिला उत्तर देता देता मध्येच थांबले, कारण आमच्या गावात नेमकं तेच कलम सगळ्यात आधी आणि सगळ्यात सोपं करायचं चाललं होतं.

त्या रात्री घटनेची सातही पानं पहिल्यांदा नीट वाचली. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, २५ची. २५ हजर असतील तर साधं बहुमत म्हणजे १३. त्याखालची ओळ : गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. ही ओळ महाराष्ट्रातल्या असंख्य संस्थांच्या कागदांत असते आणि सभेच्या नोटिशीत सगळ्यात खाली छापलेली असते. प्रस्तावात विषय आधी कळवण्याची अटही नव्हती. म्हणजे 'आयत्या वेळचे विषय' यातही घटना बदलता आली असती. भर पावसात, आषाढात बोलावलेल्या सभेला नऊजण आले तर त्यातले पाचजण कलम ४ काढू शकले असते.

तोललेले पर्याय

आमच्या वाडीत पहिले दोन महिने लोक 'हो' की 'नाही' एवढंच बोलत होते. पर्याय प्रत्यक्षात चार होते.

'हो' म्हणण्याच्या बाजूने सगळ्यात ताकदीने बोलले ते बौद्धवाडीतले एक निवृत्त पोस्टमास्तर. त्यांच्याकडे मी मुद्दाम गेले. त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९चं डॉ. आंबेडकरांचं संविधान सभेतलं भाषण काढून दाखवलं. बाबासाहेबांनी तिथे आपल्या दुरुस्तीच्या रीतीची तुलना अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाशी केली आहे, आणि म्हटलं आहे की ज्यांना संविधान पटत नाही त्यांनी दोन तृतीयांश मतं मिळवावीत, तेवढीही मिळाली नाहीत तर जनता त्यांच्या बाजूची आहे असं म्हणता येणार नाही. पोस्टमास्तरांचा मुद्दा असा : बाबासाहेबांनी दार बंद ठेवलं नाही. मेलेल्या ६१ जणांनी जिवंत माणसांना अडवून धरायचं हे कुठल्या घटनेत बसतं? मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला, बाबासाहेबांच्या मूळ गावी, दरवर्षी जाणारा हा माणूस. ते मला म्हणाले, "ताई, तुम्हाला कलम ४ची काळजी आहे. मला कलम ५ची आहे. माझी सून ग्रामपंचायतीत सदस्य आहे आणि मंडळात तिला खुर्ची नाही." याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि मी ते दिलंही नाही.

'नाही' म्हणणाऱ्यांचा सगळा जोर जागेवर होता. त्यावर चिटणीस म्हणायचे की न्यासाची जागा धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकताच येत नाही, मग भीती कसली? कायद्याने ते बरोबर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे विक्री, अदलाबदल, बक्षीस यांना मंजुरी लागते, आणि भाडेपट्टा शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा किंवा बिनशेती जमिनीचा तीन वर्षांपेक्षा जास्त असेल तरी लागते. पण तिथे प्रश्न हा येतो की व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे का. चांगला भाव येत असेल तर तो हिताचा ठरू शकतो. आमच्या आज्यांनी-आज्ज्यांनी महिन्याला आठ आणे काढून ती जागा का ठेवली, हे सांगणारा कागद कलम ४ हाच आहे. तो आपणच फाडला तर आयुक्तांनी काय वाचायचं?

तिसरा पर्याय सभेला न जाण्याचा. पुष्कळांना तो सोयीचा वाटत होता, म्हणजे कोणाशी वाईटपणा नको. मी वाडीत खडूने फळ्यावर मांडून दाखवलं की 'एकूण सभासद' या नियमात घरी बसलेला माणूस 'नाही' म्हणत असतो, आणि 'हजर सभासद' या नियमात तोच माणूस येणाऱ्यांना 'तुम्ही ठरवा' म्हणत असतो. डेन्मार्कमध्ये १९३९ साली संविधान बदलण्यावर सार्वमत झालं. मत देणाऱ्यांतले ९० टक्क्यांहून जास्त लोक बाजूने होते, पण अट एकूण मतदारांच्या ४५ टक्क्यांची होती, आणि ती अर्ध्या टक्क्याने हुकली. बरेच लोक घरी राहिले होते. १९५३ साली नवं संविधान आलं तेव्हा त्यांनी ती अट ४० टक्क्यांवर आणली. काढून टाकली नाही, उतरवली.

हे उदाहरण पुढे आमच्यावरच उलटणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

चौथा पर्याय उपसूचनेचा : दोन पायऱ्या करायच्या. वर्गणी, पदाधिकाऱ्यांची मुदत, सभेची वेळ अशी साधी कलमं हजर सभासदांच्या दोन तृतीयांश मतांनी बदलता यावीत, पण सभेला चालू सभासदांचा तिसरा हिस्सा तरी हवा आणि तहकूब सभेत हे चालणार नाही. कलम ४, कलम ५ आणि खुद्द कलम १९ यांना चालू सभासदांचे तीन चतुर्थांश, आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा मान्यता. ही दोन सभांची कल्पना माझी नव्हे. १८६०च्या कायद्यातच, संस्थेचा उद्देश बदलण्यासाठीच्या कलम १२ मध्ये, दहा दिवस आधी प्रत्येक सभासदाला प्रस्ताव पाठवायचा, तीन पंचमांश मतं आणि महिन्याने दुसऱ्या सभेत पुन्हा तीन पंचमांश अशी रीत आहे.

वाडीची बैठक

शिमग्याच्या आधीच्या रविवारी एका घराच्या खळ्यात वाडी बसली. तो लोकसभा निवडणुकीचा काळ होता. 'घटना बदलणार का' हे शब्द प्रचारात सगळीकडे होते, त्यामुळे मंडळाची घटना म्हटलं तरी लोक कान देऊन ऐकत होते, आणि दोन्हींची गल्लतही करत होते.

पहिला निर्णय बसण्याचाच होता. मत ४१ पुरुषांचं, पण आधी बायकांनी बोलायचं असं वाडीतल्या दोन म्हाताऱ्यांनी ठरवलं. मला हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. प्रस्ताव ज्यांच्या नावाने मांडला होता त्यांना तोपर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

तरुण सुना 'हो'च्या बाजूने होत्या. त्यातली एक म्हणाली की दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या पैशातून पाण्याची टाकी वरच्या वाडीला गेली, तेव्हा सभेत एक बाई जरी असती तरी पाखाडीने हंडा घेऊन कोण चढतं हे तिने सांगितलं असतं. तिचं खरं होतं. मग सत्तरी ओलांडलेली एक चुलतसासू उठली. तिने कागद पाहिला नव्हता, फक्त तेराचा आकडा ऐकला होता. "आज आमाला आत घ्याल, नि उद्या तेराजनी बसून काडून टाकाल. मंग कोनाला इचारायचा?"

खळ्यात कोणी बोललं नाही थोडा वेळ. जागा, जागा करत मी तीन महिने भांडत होते, पण सोप्या नियमाने मिळालेला हक्क त्याच नियमाने जातो हे मला दिसलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर धोका होता तो फक्त सड्यावरचा.

मीही त्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात २००६ साली लोकांनी ठरवलं की यापुढे राज्याचं संविधान बदलायला ६० टक्के मतं लागतील, आणि हा ठराव मंजूर झाला सुमारे ५८ टक्क्यांनी. म्हणजे नव्या नियमाने मोजला असता तर तो नियमच आला नसता. आणि ओहायो राज्यात ८ ऑगस्ट २०२३ रोजी, आमच्या गणपतीच्या सहा आठवडे आधी, साध्या बहुमताऐवजी ६० टक्के करण्याचा प्रस्ताव लोकांनी फेटाळला. नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काची दुरुस्ती येणार होती, तिला अडवण्यासाठी हे चाललं आहे असं विरोधकांचं म्हणणं होतं. ती दुरुस्ती पुढे सुमारे ५७ टक्क्यांनी मंजूर झाली. तिथे नियम अवघड करायचा होता, आमच्याकडे सोपा. पण दोन्हीकडे समोरच्या एका विषयासाठी कायमचा नियम हलवला जात होता.

वाडीने कोणाला बांधून घेतलं नाही. बहुतेक घरांचं ठरलं की उपसूचना घेतली तर 'हो', नाही तर 'नाही'. सहा घरं म्हणाली की आम्ही काही झालं तरी 'हो' देणार, सुनांना शब्द दिला आहे. त्यांना कोणी वाकडं बोललं नाही.

सभेत काय झालं

मार्च २०२४. पालखी सहाणेवर. उपसूचना मांडली गेली. अध्यक्ष म्हणाले की आधी मूळ प्रस्ताव मतास टाकू. तेव्हा माझे पती उभे राहिले. आदल्या रात्री आम्ही दोघांनी नोंदवहीची छायाप्रत पाहिली होती. आमच्या घराच्या नावापुढे सासऱ्यांचं नाव होतं. ते २०१६ साली वारले, वारस नोंद कोणी केलीच नाही. माझे पती आठ वर्षं सभांना हात वर करत होते आणि ते सभासदच नव्हते. सभेत त्यांनी तेवढंच सांगितलं : "माझं मत धरू नका." आणि खाली बसले.

सहा महिने एका मताचा विचार करून आमच्या घराने शेवटी मत दिलंच नाही. मला त्या वेळी राग आला होता त्यांचा. आता वाटतं की त्या सभेत घडलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट तीच. त्यांच्यामागे आणखी चार-पाच माणसं एकमेकांकडे पाहायला लागली.

मोजली गेली ती ८८ मतं. बाजूने ४६, विरोधात ३७, तटस्थ ५. वरच्या दोन वाड्यांतून टाळ्या आल्या, 'मंजूर' म्हणून ओरडा झाला. तेव्हा पोस्टमास्तर, जे 'हो' देऊन बसले होते, पुढे आले आणि त्यांनी कलम १९ मोठ्याने वाचायला सांगितलं. नवा नियम येईपर्यंत जुना नियम चालू असतो, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी ९७व्या घटनादुरुस्तीचं उदाहरण दिलं, जे मच्छीमार सोसायटीतल्या लोकांना ऐकून माहीत होतं. सहकारी संस्थांविषयीचा तो भाग संसदेने मंजूर केला, पण निम्म्या राज्यांची संमती घेतलीच नव्हती, म्हणून राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता तो सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये टिकू दिला नाही. "दहा वर्षांनी पडला. आपला उद्याच पडेल," ते म्हणाले.

तासभर गोंधळ चालला. शेवटी अध्यक्षांनी ठराव नामंजूर झाल्याची नोंद करायला सांगितली. आपल्याच मताविरुद्ध नियम वाचून दाखवणारा माणूस मी प्रत्यक्षात पहिल्यांदा पाहिला.

त्याच सभेत एक साधा ठराव झाला, ज्याला घटना बदलायची गरज नव्हती : नोंदवही साफ करायची.

पुढचं वर्ष

याच कामात मला १८६०च्या कायद्याचं कलम १५ सापडलं. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे त्याला मत नाही, आणि सभासद म्हणून मोजायचंही नाही. म्हणजे 'एकूण सभासद २८६' हा आकडा कधीच खरा नव्हता. ज्या अशक्य अटीपायी कलम १९ मोडायला निघालो होतो, ती अशक्य नव्हतीच. आम्ही मोजणी चुकीची करत होतो.

६१ नावं कमी केली. त्यातल्या ३८ घरांनी वारस नोंद केली, बाकीची घरं बंद आहेत. सासऱ्यांच्या नावावर रेघ मारायचा अर्ज मीच भरला. सासूबाईंनी विचारलं की रेघ लाल शाईने मारतात का. मी म्हटलं, निळ्या. थकबाकीदारांना नोटिसा गेल्या, पुष्कळांनी पैसे भरले, ७२ जणांनी भरले नाहीत. शेवटी चालू सभासद १९१ राहिले. तीन चतुर्थांश म्हणजे १४४.

सप्टेंबर २०२४ च्या गणपतीत दोन प्रस्ताव वेगवेगळे मतास आले. दोन पायऱ्यांच्या नियमाला १३९ मतं पडली, बायकांच्या सभासदत्वाला १४१. पाच कमी आणि तीन कमी.

अकरा जणांनी आपलं लेखी मत सही करून, पण फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. घटनेत सहीचं लेखी मत म्हटलं आहे, मूळ कागद हातात नाही. ते धरायचे की नाही यावर अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मार्चमध्ये नियम वाचून दाखवा म्हणणाऱ्यांत आम्ही पुढे होतो. मी म्हटलं, धरू नका. तरुण सुनांपैकी जिने टाकीचा विषय काढला होता ती उठून निघून गेली. डेन्मार्कचं उदाहरण मीच त्यांना फळ्यावर समजावलं होतं.

शिमगा २०२५ ला पुन्हा मतदान झालं. या वेळी वाडीवार माणसं नेमून मूळ कागद आधीच गोळा केले. कलम ५ ला १६३ मतं, कलम १९ ला १४७. मे महिन्यात दुसरी सभा झाली आणि दोन्ही कायम झाले. घरटी दोन सभासद, त्यातली एक स्त्री, असा नवा नियम. बदल अर्ज ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात गेला. २००९ पासूनचे पदाधिकाऱ्यांचे बदल कळवलेले नव्हते, तेही आता एकेक करून भरावे लागत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

कलम १५ सप्टेंबर २०२३ मध्येच वाचायला हवं होतं. ते एक पान वाचलं असतं तर कलम १९ ला हात न लावता, नोंदवही साफ करून, २०२४ च्या शिमग्याला थेट कलम ५ बदलता आलं असतं. बायकांचं एक वर्ष यात गेलं. नियम बदलायचा प्रस्ताव कोणी आणला की तो नियम आत्ता नेमका काय मागतो, कोणाला मोजतो, हे आधी पाहायला हवं होतं. आम्ही सगळे, चिटणीसही आणि मीही, २१५ हा आकडा देवाचा असल्यासारखा धरून बसलो.

चिटणीसांवर आम्ही अन्याय केला. जागेला गिऱ्हाईक होतं आणि म्हणून हा घाट घातला, असं आमच्या वाडीत सर्रास बोललं गेलं, मीही ते थांबवलं नाही. तसा एकही पुरावा मला आजवर मिळालेला नाही. त्यांना बायका मंडळात हव्या होत्या, एवढंच ते पहिल्या दिवसापासून सांगत होते. नियमातला धोका दाखवायला माणसाच्या हेतूवर बोट ठेवण्याची गरज नव्हती. तेराचा आकडा पुरेसा होता. ते वर्षभर आमच्या वाडीत पालखीबरोबरही आले नाहीत. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला, पण चिटणीसपद पुन्हा घेतलं नाही.

व्हॉट्सॲपवरच्या अकरा मतांबद्दल माझं मन अजून पूर्ण स्वच्छ नाही. मार्चमध्ये आपल्याला हवा तो निकाल लागला तेव्हा नियमाचा आग्रह, आणि सप्टेंबरमध्ये नको तो लागला तेव्हा सवलत, हे मला जमलं नसतं. तरीही मतदानाच्या महिनाभर आधी 'मूळ कागदच लागेल' हे नोटिशीत ठळक लिहिता आलं असतं. मसुदा मीच केला होता. त्यात ती ओळ नव्हती.

कलम ५ कठीण पायरीवर ठेवावं का यावरही वाडीत दोन मतं आहेत. पोस्टमास्तर म्हणतात की उद्या घरटी सगळ्या प्रौढांना मत द्यायचं झालं तर हेच कुलूप आडवं येईल. त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहून ठेवलं आहे.

मे महिन्यात ५७ बायकांनी नोंदवहीत सह्या केल्या, त्यात त्या चुलतसासूचा अंगठा आहे आणि टाकीवाल्या सुनेची सही आहे. १९१ चे २४८ झाले. तीन चतुर्थांश आता १८६. नोंदवही सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, आणि २०२५ च्या गणपतीत सहाणेवर वर्गणी थकलेल्यांची पहिली यादी मी लावली.